आधी फक्की, मग पावसाळा, मग फरशी

श्रावणात दामोदर भजनी सप्ताहाला वास्कोचा स्वातंत्र्य पथ गाड्यांना बंद होतो आणि दुतर्फा फेरी, म्हणजे जत्रेचा बाजार, भरते. वरून पाऊस, मध्ये ताडपत्र्या, खाली चिखल, तरी लोक खाजं घेत, भांडी बघत, पोरांना खांद्यावर घेऊन निवांत चालतात. कार्तिकातली मडगावची दिंडी, पणजीच्या मळा भागातल्या मारुतीची जत्रा, म्हापशाचं मिलाग्रीचं फेस्त, सगळीकडे हेच. रस्ता माणसांना कसा द्यायचा हे गोव्याला कुणी शिकवायला नको. अडचण उरलेल्या दिवसांची आहे. फेरीच्या दिवशी पोलीस असतात, स्वयंसेवक असतात, देवाचं काम म्हणून दुकानदारही सांभाळून घेतो. एखाद्या साध्या मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता यातलं काही नसतं. तेव्हा रस्ता कुणाचा हे त्याची रुंदी, उतार, पातळी आणि गटार ठरवतात.

आपल्याकडे रस्ता सुधारण्याचं काम बहुधा उलट्या टोकाकडून सुरू होतं. आधी फरशीचा रंग ठरतो, मग दिव्याचा खांब, मग बाक. रस्ता उकरल्यावर कळतं की खाली जुनी जलवाहिनी आहे, गटाराचं तोंड भरतीच्या पाण्याखाली जातं आणि समोरच्या दुकानाचा उंबरा नव्या फरशीपेक्षा तीन इंच खाली राहणार आहे. तोवर मे महिना उजाडलेला असतो. माझं म्हणणं असं की आधी फक्कीने, म्हणजे पांढऱ्या भुकटीने, रस्ता आखावा, कुंड्या ठेवून तो चालवून बघावा, एक अख्खा पावसाळा त्यावरून जाऊ द्यावा आणि फरशीची निविदा त्यानंतर काढावी. कोपनहेगनचा स्ट्रॉयेट हा पादचारी रस्ता आज जगभर दाखवला जातो. तोही नोव्हेंबर १९६२ मध्ये प्रयोग म्हणूनच गाड्यांना बंद केला होता, कायमचा झाला १९६४ मध्ये. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये २००९ साली गाड्या अडवल्या तेव्हा लोकांना बसायला साध्या घडीच्या खुर्च्या टाकल्या होत्या. पक्कं काम नंतरच्या वर्षांत झालं.

बोलायला सोपं जावं म्हणून एक गल्ली डोळ्यांसमोर धरू. लांबी १५० मीटर, समोरासमोरच्या भिंतींमध्ये अंतर ९ मीटर. खाली दुकानं, वर बिऱ्हाडं, कौलारू छपरं. एका टोकाला बाजार, दुसऱ्या टोकाला मोठा रस्ता. पणजी, मडगाव, म्हापसा, फोंडा, कुठेही सापडेल अशी. या ९ मीटरची वाटणी मी अशी करेन: दोन्ही कडांना १.८ मीटरच्या मोकळ्या चालवाटा, म्हणजे ३.६ मीटर. मध्ये गाड्यांची एकेरी वाट ३.६ मीटर. उरले १.८ मीटर, त्यात झाडं, बाक, गाडे आणि दुचाक्या. चालवाटेचा आकडा मनाने काढलेला नाही. इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी १०३ ही पादचारी सुविधांची मार्गदर्शिका कमीत कमी एवढी रुंदी मागते, कारण त्याहून अरुंद वाटेवर दोन व्हीलचेअर एकमेकींना नीट ओलांडू शकत नाहीत. गाड्यांच्या वाटेला मात्र कात्री लावू नका. रुग्णवाहिका आणि अग्निशामक बंब तिथूनच जाणार आहेत. बाजाराच्या वेळेला चालणाऱ्यांना जागा कमी पडत असेल तर त्या वेळेपुरत्या गाड्याच बंद ठेवायच्या.

उरलेला १.८ मीटरचा पट्टा एकाच बाजूला सरळ ओढू नका. दर तीसेक मीटरवर त्याची बाजू बदला. गाड्यांची वाट नागमोडी होते आणि चालक आपोआप हळू येतो. ‘सावकाश चला’ची पाटी लावून हे होत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगातली गाडी कोरड्या रस्त्यावर थांबायला साधारण २८ मीटर घेते, ३० ला १३ मीटर, २० ला ८. ओल्या रस्त्यावर हे आकडे वाढतातच. चेंडूमागे धावणारं पोर किती अंतरावर दिसतं याचा विचार केला की अशा गल्लीत २० च्या वर वेग जाऊच नये अशी रचना हवी हे पटतं. हॉलंडने १९७६ साली कायदा करून वस्तीतले काही रस्ते असे ठरवून दिले, की तिथे गाडीने चालणाऱ्या माणसाच्या वेगाने जायचं. त्या रस्त्यांवर झाडं, कुंड्या आणि बाक मुद्दाम वाटेच्या आड येतील असे ठेवलेले असतात.

आखणीच्या आधी मोजणी. एक कामाचा दिवस, एक रविवार. सकाळी ८ ते ९, दुपारी १२ ते १, संध्याकाळी ५ ते ८. दुपारी १ नंतर मोजू नका, तेव्हा बरीच दुकानं दार ओढून घेतात आणि आकडा फसवा येतो. पहिल्या वहीत जाणारे: पायी, सायकल, दुचाकी, चारचाकी, हातगाडी. दुसऱ्या वहीत थांबलेले: बसलेले, उभ्याने गप्पा मारणारे, खाणारे, कुणाची वाट बघणारे. त्यात मुलं, बायका आणि म्हातारी माणसं वेगळी लिहा. गल्ली माणसांची झाली की नाही हे या दुसऱ्या वहीतून कळतं, कारण घाईने जाणारे तर गल्ली वाईट असली तरी जातातच. तिसरी वही पार्किंगची. दर अर्ध्या तासाने उभ्या गाड्यांच्या नंबरांचे शेवटचे चार आकडे लिहायचे. बैठकीत सगळ्यात जास्त कामी येते ती हीच वही. सकाळी ९ ला लागलेली गाडी संध्याकाळी ७ लाही तिथेच दिसते, आणि ती बहुधा गिऱ्हाइकाची नसते. दुकानमालकाची असते, नोकराची असते, वरच्या ऑफिसातल्या कुणाची तरी असते. एका गाडीला ६ मीटर धरले तर १५० मीटरच्या एका कडेला फार तर २५ चारचाक्या मावतात. म्हणजे अख्ख्या गल्लीची एक बाजू दिवसभरासाठी पंचवीस जणांच्या नावावर. ‘पार्किंग गेलं तर धंदा बसेल’ असं म्हणणाऱ्या दुकानदाराशी वाद घालू नका, त्याच्यासमोर वही उघडून ठेवा. त्याच्या धंद्याची काळजी खरी आहे, आणि त्याच्या दारात दर वीस मिनिटांनी नवी दुचाकी लागणं हे एक गाडी दिवसभर उभी राहण्यापेक्षा त्याच्याच फायद्याचं आहे.

पहिला प्रयोग रविवारी, संध्याकाळी ४ ते ९. फक्कीचं एक पोतं, पाऊण मीटर उंचीचे ५० शंकू म्हणजे दर ३ मीटरला एक, दोन्ही टोकांना सरकते अडसर, मंडपवाल्याकडून भाड्याच्या ४० खुर्च्या, आणि कुंड्यांसाठी २०० लिटरच्या पिंपांचे अर्धे तुकडे. अर्ध्या पिंपात ओली माती भरली की वजन दीडशे किलोच्या आसपास जातं. कुणी पायाने सरकवून गाडी लावत नाही, पण दोन माणसं ट्रॉलीवर घालून हलवू शकतात. बुडाला भोकं पाडायला विसरलात तर जुलैत त्यात डासांची पैदास होईल. टोकाच्या अडसरांत १.२ मीटरची फट ठेवा. व्हीलचेअर, बाळगाडी, पाव विकणाऱ्या पोदेराची सायकल त्यातून जाते. स्कूटरही घुसते, म्हणून पहिले चार रविवार तिथे माणूस उभा लागतो. पाचव्या रविवारपर्यंत बहुतेकांना वळसा पाठ होतो.

खुर्च्या हलत्या हव्यात, यावर मी हटून बसेन. बाक कुठे हवा हे लोक तोंडाने नीट सांगत नाहीत, खुर्ची ओढून सांगतात. रात्री ९ ला आवरायच्या आधी एखाद्या माडीवरून खुर्च्यांचा फोटो काढा. चार रविवारचे चार फोटो शेजारी ठेवले की दिसेल: खुर्च्या भिंतीला पाठ लावून, उजेडाजवळ, येणाऱ्याजाणाऱ्यांकडे तोंड करून जमतात. बाल्कांवातले, म्हणजे गोव्यातल्या घरापुढच्या पडवीतले, सोपे (बांधीव बैठकी) तसेच तर असतात. बाल्कांवाची घराला पाठ, रस्त्याकडे तोंड, आणि आत समोरासमोर दोन बैठकी. रस्त्याच्या मधोमध, दोन्हीकडून रहदारी आणि पाठीला आधार नाही, असे बाक नकाशात सुंदर दिसतात आणि वर्षभर रिकामे राहतात.

या टप्प्यावर दोन चुका सर्रास होतात. एक, गाड्या बंद केल्या आणि आत काही ठेवलंच नाही. तापलेल्या डांबरावर कोण थांबणार? सावली हवी, पाण्याचा नळ हवा, जवळपास वापरता येईल असं शौचालय हवं. दुसरी चूक याच्या उलट, दर रविवारी मंच आणि ध्वनिक्षेपक. लोक कार्यक्रमाला येतात, गल्लीला येत नाहीत, आणि वरच्या मजल्यावरची म्हातारी माणसं पहिल्याच महिन्यात विरोधात जातात. म्हणून चारातले दोन रविवार मुद्दाम कार्यक्रमाविना ठेवा आणि दुसरी वही त्याच दिवशी भरा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री १० नंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. वस्तीच्या गल्लीत मी तो लावूच देणार नाही.

परवानग्यांचं थोडक्यात. वाहनबंदीचा आदेश मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११५ खाली निघतो, त्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करायचा आणि वाहतूक पोलिसांचा अभिप्राय घ्यायचा. नगरपालिका किंवा महापालिकेचा ना-हरकत दाखला लागतो, अग्निशामक दलाला आणि १०८ ला लेखी कळवायचं. खोदकामाची वेळ आली की सार्वजनिक बांधकाम खातं, वीज खातं, पाणी आणि मलनिस्सारण, दूरसंचारवाले, सगळ्यांना एकाच टेबलाशी एकाच दिवशी बसवा. वेगवेगळ्या पत्रांनी त्यांची उत्तरं वेगवेगळ्या महिन्यांत येतात आणि रस्ता तितक्या वेळा फुटतो.

आता पाणी. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. आपल्या गल्लीचं क्षेत्रफळ १३५० चौरस मीटर. तासाला ५० मिलिमीटरची सर आली तर तेवढ्यावर तासात ६७,५०० लिटर पाणी पडतं. पण हिशेब इथे संपत नाही. कौलारू छपरांचा पुढचा उतार रस्त्याकडे असतो. प्रत्येक बाजूचा ५ मीटर उतार धरला तर आणखी १५०० चौरस मीटर, म्हणजे आणखी ७५,००० लिटर. छपरांचं पाणी रस्त्याच्या पाण्याहून जास्त भरलं, आणि नकाशा काढताना नेमकं तेच विसरलं जातं. दोन्ही मिळून सेकंदाला सुमारे ४० लिटर. ३०० मिलिमीटर व्यासाचा पाइप, दोनशेला एक उतार आणि आतून स्वच्छ, असा असेल तर सेकंदाला ६८ लिटरच्या आसपास वाहून नेतो. कागदावर पास. तोच पाइप गाळाने अर्धा भरला की जेमतेम २५ लिटर नेतो. आणि पावसाची झड दहा मिनिटं दुप्पट जोराची असेल तर स्वच्छ पाइपही कमी पडतो. म्हणून अशा गल्लीत पाइपापेक्षा वरून उघडता येणारं, ४५० मिलिमीटर रुंद आणि ६०० मिलिमीटर खोल असं चौकोनी गटार बरं. कामगाराला फावडं घालून गाळ काढता आला पाहिजे. ज्यात फावडं जात नाही ते गटार दुसऱ्या पावसाळ्यानंतर नुसतं कागदावर उरतं.

तेही पाणी पुढे जाणार कुठे? पणजीच्या सखल भागांत, मळा भागात, सांतिनेजच्या नाल्याकाठी, पाणी साचतं ते नुसत्या पावसाने नाही. पुनवेच्या किंवा अवसेच्या उधाणाची भरती आणि जोराची सर एकाच वेळी आली की गटाराचं तोंड बंद पडतं, उलट खाडीचं पाणी गटारातून वर येतं. यावरचा उपाय आपल्या खाजनांत, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतांत, शतकानुशतकं आहे. बांधाला मानस, म्हणजे पाण्याचं दार, असते, भरतीच्या दाबाने तिचं दार आपोआप मिटतं, ओहोटीला उघडतं. गटाराच्या तोंडाला बसवायची झडप हे त्याच मानशीचं शहरी रूप. तिच्यात एक प्लास्टिकची बाटली अडकली की दार अर्धवट उघडं राहतं आणि झडप असून नसल्यासारखी होते. त्यामुळे झडपेच्या आधी जाळीची विहीर हवी, आणि ती साफ करण्यासाठी ठरलेला माणूस हवा. झडप मिटलेली असताना पाऊस थांबत नाही, म्हणून त्या दोन-तीन तासांचं पाणी साठवायला कुठेतरी सखल जागा राखावी लागते: बाग, मैदान, पार्किंगची जागा. ती नसेल तर पाणी दुकानात साठेल.

म्हणूनच प्रयोगाचा सांगाडा पावसाळाभर उभा राहू द्या. कुंड्या जागेवर ठेवा, फक्की धुऊन गेली तर पांढरा रंग मारा. मुरगाव बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून उधाणाचे दिवस काढा आणि त्या दिवसांत जोराची सर आली की छत्री घेऊन गल्लीत फिरा. पाणी जिथपर्यंत चढलं तिथे भिंतीवर रंगाने रेघ आणि तारीख. दर दहा मीटरला एक रेघ पुरे. सप्टेंबरअखेर या रेघा तुमचा खरा नकाशा होतात. कोणत्या उंबऱ्याला किती मिलिमीटर शिल्लक आहेत, उतार कुठे फसतो, कुठल्या पन्हळीचं पाणी थेट चालणाऱ्याच्या डोक्यावर येतं, सगळं त्यावर असतं. अभियंत्याची लेव्हल मशीन उन्हाळ्यात जे दाखवते ते या रेघांशी ताडून घ्यायचं.

पातळीबद्दल एक नियम मी दगडावर कोरून ठेवेन: नवा थर चढवण्याआधी जुना खरवडून काढायचा. डांबराचा एक थर ४० ते ५० मिलिमीटरचा. तीन वेळा थरावर थर चढवले की रस्ता पाच-सहा इंच वर आणि दुकान पाच-सहा इंच खाली. मग दुकानदार दारात सिमेंटचा बांध घालतो, त्या बांधाला चाकाची खुर्ची अडते, आणि ‘सर्वांसाठी सुगम’ रस्त्यावरचं एकही दुकान सुगम राहत नाही. नवी पातळी सगळ्यात खालच्या उंबऱ्यापासून मोजा, गटाराच्या झाकणाची वरची कड त्याच्या निदान १५० मिलिमीटर खाली बसली पाहिजे. आडवा उतार पन्नासला एक, म्हणजे ४ मीटरला ८० मिलिमीटर. याहून कमी ठेवला तर डबकी, जास्त ठेवला तर व्हीलचेअर तिरकी ओढली जाते. गल्लीच्या तोंडाशी चालक सावध व्हावा म्हणून रस्ता उचलून टेबलासारखा करतात, ते चांगलंच. पण त्याखालून पाण्याला वाट ठेवली नाही तर तो उंचवटा धरण होतो. ही चूक पहिल्याच पावसात उघडी पडते.

फरशीचं बोलू. अधूनमधून गाड्या येणार असतील तर पेव्हर, म्हणजे काँक्रीटचा ठोकळा, ८० मिलिमीटर जाडीचा, एम-४० प्रतीचा. ६० चा फक्त निव्वळ चालवाटेला. खाली दाबून बसवलेल्या खडीचे थर, त्यावर ३० ते ४० मिलिमीटर जाड वाळू, वर पेव्हर, सांध्यांत बारीक कोरडी वाळू. मांडणी हेरिंगबोन, म्हणजे विटा एकमेकींत काटकोनात गुंतवलेल्या, कारण ब्रेक मारताना चाक फरशी पुढे ढकलतं आणि सरळ ओळी त्या धक्क्याने सरकतात. कडेला काँक्रीटची पक्की किनार हवी. किनार सैल झाली की मधल्या सगळ्या सांध्यांना तोंड फुटतं.

बिघडतं ते तीन कारणांनी. खडीचा थर असमान बसला म्हणून मिस्त्री खळगे वाळूने भरून घेतो. जिथे वाळू ८० मिलिमीटर झाली तिथे ऑगस्टपर्यंत फरशी खचते. दुसरं, वाळूऐवजी सिमेंटचा मसाला घालतात. पाणी खाली अडकतं, गाडी गेली की चिळकांडी उडते आणि पेव्हर डुगडुगायला लागतो. तिसरं आणि सगळ्यात जास्त नुकसान करणारं म्हणजे चर. केबलीसाठी खोदलेला चर मातीने एकदम भरून वर फरशी. चर १५० मिलिमीटरच्या थरांनी भरायचा, प्रत्येक थराला पाणी आणि दुरमुस. मशीन भाड्याने आणायला एक दिवस जातो, म्हणून हे टाळलं जातं, आणि पुढच्या जूनमध्ये चराची रेघ रस्त्यावर उमटते.

चिरा (जांभा) आपला दगड, पण चालायच्या पृष्ठभागाला तो घालू नका. मऊ असतो, झिजतो, आणि पावसात त्यावर शेवाळ धरतं. बैठकीला आणि कठड्याला तो उत्तम, फक्त बसायच्या जागी वर गुळगुळीत दगडाची पाटी हवी, नाहीतर कपड्यांना तांबडे डाग पडतात. पॉलिश केलेला ग्रॅनाइट आणि घोटलेला कोटा, दोन्ही जुलैत घसरगुंडी. ग्रॅनाइट वापरायचाच तर ज्योतीने भाजून खरखरीत केलेला. बैठकीची उंची ४५० मिलिमीटर, काही बाकांना तरी पाठ आणि हात. गुडघे धरलेल्या माणसाला उठताना हाताचाच आधार लागतो. माडाखाली बाक नको. नारळ पडतात, आणि ते काढणारा पाडेली दर काही महिन्यांनी येईलच याची शहरात शाश्वती नाही. ओंवळ (बकुळ), करंज, सोनचाफा ही झाडं या रुंदीला शोभतात. गुलमोहर वादळी वाऱ्यात फांद्या टाकतो. झाडाभोवती १.२ मीटर चौरस माती मोकळी सोडा. बुंध्यापर्यंत काँक्रीट भिडवलं की मुळं फरशी उचलतात आणि दोष झाडाला मिळतो.

एक गोष्ट नकाशावाल्यांना फार आवडते: सगळा रस्ता एका पातळीत, ना कर्ब ना कड. डोळस माणसाला ते मोकळं वाटतं. अंध माणसाची काठी मात्र कडेवर चालते. कड गेली की चालवाट कुठे संपते हे त्याला कळायचं कसं? चालवाट आणि गाड्यांची वाट यांच्यामध्ये काठीला लागेल अशी उठावाच्या फरशीची सलग पट्टी हवी, रंगानेही वेगळी, आणि तिच्यावर कुणीही गाडा किंवा पाटी ठेवू नये. उंचवटा असेल तिथे बाराला एक उताराचा रॅम्प. गटाराच्या जाळीच्या फटी चालण्याच्या दिशेला आडव्या आणि बारीक, नाहीतर सायकलचं चाक, काठी, टाच अडकते. बारीक फटी पानांनी लगेच बुजतात, म्हणून पाणी आत घ्यायला जाळीखेरीज कर्बच्या पोटात लांबट तोंडंही ठेवावी लागतात.

दिवे चार मीटर उंचीवर, पिवळसर उजेडाचे. उंच खांबावरचा पांढरा झोत माडीवरच्या खोलीत जातो आणि खाली बसणाऱ्याच्या चेहऱ्यावर सावली टाकतो. खांबातली जोडणी पेटी पावसाळ्यात रेघ मारलेल्या पाण्याच्या पातळीच्या वर, अर्थिंग तपासलेली, आणि प्रत्येक फीडरला वीज गळताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा गळती-तोडक. साचलेल्या पाण्यात उभ्या खांबाला मूल हात लावणार आहे, हे गृहीत धरूनच काम करायचं.

गाड्या पूर्ण कधीच थांबत नाहीत, थांबवूही नयेत. माल सकाळी ७ ते ९.३०, गॅसचा सिलिंडर, कचऱ्याची गाडी, कुणाच्या घरचं आजारपण, कुणाचं मयत. काढता येणारे बोलार्ड, म्हणजे गाड्या अडवणारे खुंट, हवेत, दोन बोलार्डमध्ये १.२ मीटर. किल्ली पोलिसांकडे, अग्निशामक दलाकडे आणि गल्लीतल्या रात्री उशिरापर्यंत उघड्या असणाऱ्या एका दुकानात. ज्या नळीत बोलार्ड बसतो तिच्या तळाला पाणी जायला भोक नसेल तर ती गाळाने भरते आणि काढलेला बोलार्ड परत आत जात नाही. मग तो कडेला आडवा पडून राहतो आणि वाट कायमची उघडी. कार्निव्हालचे चित्ररथ, शिगम्याचे रोमटामेळ, पालखी, फेस्ताची मिरवणूक, चवथीच्या विसर्जनाचे टेंपो या गल्लीतून जातात का, हे आधी विचारा. जात असतील तर साडेचार मीटर उंचीपर्यंत फांदी, तार, कमान काही आड येता कामा नये.

गाडेवाल्यांना नकाशात जागा दिली नाही तर ते चालवाटेवर बसतात, आणि नंतर त्यांना हटवलं जातं. त्यांना आधीच जागा दिली तर ते गल्लीचे राखणदार होतात. रस-ऑम्लेटचा गाडा रात्री दहापर्यंत चालू असतो म्हणून ती बाजू उजेडाची आणि सुरक्षित वाटते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर विक्रेता समितीत निदान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडायचे आहेत. त्यांना पहिल्या बैठकीलाच बोलवा. एका गाड्याला २ बाय १.५ मीटर जागा, जवळ पाण्याचा नळ, आणि तेल अडवणाऱ्या सापळ्यातून जाणारी सांडपाण्याची जोडणी. हा सापळा नसेल तर वरचं सगळं गटाराचं गणित तेलाच्या साक्याने बसतं. आणि राहणाऱ्यांना विसरू नका. पणजीच्या फोंताइनस या जुन्या वस्तीतले लोक दारात येऊन फोटो काढणाऱ्या पर्यटकांना कंटाळले आहेत, ते उगाच नाही. गल्ली सुंदर झाली की बाहेरचे येणारच, म्हणून बाक घरांच्या खिडक्यांखाली न ठेवता खिडक्या नसलेल्या भिंतींशी ठेवा आणि घरांच्या पायऱ्या बैठकीत धरू नका.

वेळापत्रक पावसाच्या हिशेबाने लावायचं. जानेवारी-फेब्रुवारीत मोजणी, मार्च-एप्रिलमध्ये रविवारचे प्रयोग, जून ते सप्टेंबर भिंतीवरच्या रेघा. दिवाळीनंतर जमिनीखालचं काम, फेब्रुवारी ते एप्रिल फरशी. १५ मे नंतर एकही चर उघडा नको. निविदा अशा काढल्या जातात की मार्चअखेर बिल निघावं, आणि मग खालचं काम घाईत उरकून वरचं चकचकीत करण्याकडे कल जातो. यावर तोडगा म्हणजे ठेकेदाराची ठरावीक रक्कम पुढच्या पावसाळ्यानंतर, सप्टेंबरच्या पाहणीनंतरच सुटेल, असं निविदेत लिहून ठेवणं.

आणि पेव्हर मोजून मागवू नका. २०० बाय १०० चे पेव्हर चौरस मीटरला ५० लागतात, आपल्या गल्लीला ६७,५००. त्याच खेपेतले, त्याच रंगाचे आणखी दोन टक्के, म्हणजे १३५० नग, पालिकेच्या गोदामात गल्लीचं नाव लिहून ठेवा. दोन वर्षांनी कुणीतरी पाइपासाठी ही गल्ली पुन्हा खोदेल. तेव्हा फुटलेल्या पेव्हरच्या जागी हेच बसवायचे, आणि ऑक्टोबरमध्ये, पाऊस थांबून फरशी वाळली की, सगळ्या सांध्यांत पुन्हा एकदा वाळू झाडून घ्यायची.